मसुरीएवढा सूर्य

ये गं रंजू, अशी इथं पुढ्यात येऊन बस. तू पुण्यात आणि मी तुमसरात, हे कळतं मला. पण तू समोर बसली आहेस असं धरल्याशिवाय माझ्या हातून दोन ओळी लिहून होत नाहीत. आणि बसलीस की आधी थोडं बोलून घेणार आहे तुला. परवाच्या ग्रहणाचा फोटो पाठवलास. दोन काळे गॉगल एकावर एक चढवून सूर्याकडे तोंड करून उभी, आणि खाली काय लिहिलंस, तर डबल काच आहे आत्या, डोळे जरासुद्धा दुखले नाहीत. अगं, एवढी शिकलीस आणि हे तुला कोणी सांगितलं नाही? दुखत नाही, हीच तर त्यातली लबाडी आहे. मला हे कोण्या पुस्तकानं नाही शिकवलं. आमच्या घरामागं राहणाऱ्या शालिकभाऊंनी शिकवलं, आणि ते शिकायच्या आधी मी त्या माणसाचं मोठं नुकसान करून बसले होते.

आमचा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. शालिकराम गजभिये राइस मिलमध्ये परखीवाले होते. परखी म्हणजे हातभर लांबीची लोखंडी पन्हाळी, टोकाला अणकुचीदार. ती बोऱ्याच्या पोटात खुपसायची, आतलं धान त्या पन्हाळीतून घरंगळत हातावर येतं. ते चोळायचं, फुंकायचं, एक दाणा दाताखाली तोडायचा, आणि सांगायचं की माल ओला आहे का सुका, जुना आहे का नवा. बोऱ्याचं तोंड उघडून ते कधी पाहत नसत. म्हणत, "तोंडाजवळचं धान सगळ्याईचंच चांगलं राहते." बोरा कोणाचा आहे हेही आधी विचारायचे नाहीत. नाव कळलं की जीभ बदलते, असं त्यांचं म्हणणं.

वीसेक वर्षं हेच केलेला माणूस घरी तरी वेगळा कसा असेल? आमच्याकडं जेवायला बसले, तर भाजी पातेल्याच्या तळातून घेत. दूधवाल्यासमोर दुधात बोट बुडवून नखावर थेंब धरून पाहत. रेडिओवर पाऊस येणार म्हणून सांगितलं की बाहेर येऊन मुंग्यांकडं बघत. त्यांचा बाप छप्पनच्या साली नागपूरला दीक्षा घ्यायला गेलेला. घरात एकच तसबीर, बाबासाहेबांची. पोराला बापानं सांगून ठेवलं होतं की बाबा, यापुढं कोणतीही गोष्ट विचारल्याशिवाय मानायची नाही. शालिकभाऊंनी ते जरा जास्तच मनावर घेतलं, असं त्यांची बायको म्हणायची. ती बिचारी लवकर गेली. मुलगी लग्न होऊन नागपूरला. मागं हे एकटे, एक खोली, एक पडवी, आणि आमच्या मागच्या भिंतीला लागून असलेलं त्यांचं अंगण.

आणखी एक सवय होती. ती मला मुळीच आवडायची नाही. माझ्याशी बोलताना ते मान वाकडी करून माझ्या कानाकडं पाहत. सरळ तोंडाकडं पाहून बोलतील तर शपथ. मला वाटे, या माणसाच्या पोटात काहीतरी आहे. चांगला माणूस असा तिरपा का पाहील?

त्या उन्हाळ्याला माझ्या मुलाचं नुकतंच लग्न झालेलं. सून घरात आली, वंदना. चैत्रातले दिवस, गच्चीवर वाळवण. उडदाचे पापड, कुरड्या, काडीवर वळलेले सरगुंडे, सगळं पसरलेलं आणि दुपारी चारच्या सुमाराला वंदना केस मोकळे सोडून ते उलटवायला वर जायची. तिसऱ्या दिवशी खाली येऊन मला म्हणते, "आई, मागचे काका कॅमेरा लावून बसते."

मी वर गेले. खाली अंगणात शालिकभाऊ स्टुलावर बसलेले. पुढं तिपाईवर कॅमेरा, त्याला ही एवढी लांब नळी, आणि नळीचं तोंड सरळ आमच्या गच्चीकडं. नळीच्या तोंडाला काहीतरी काळं बांधलेलं. मला पाहून ते काही उठले नाहीत, की गडबडले नाहीत. हातातल्या वहीत काहीतरी लिहिलं, काळं काढलं, दुसरं काळं बांधलं, आणि परत खट्.

आता मला सांग, तू माझ्या जागी असतीस तर काय समजली असतीस? कॅमेरा जुना, तुमसरातल्या एका लग्नाच्या फोटोवाल्यानं नवा घेतला तेव्हा यांच्याकडं आलेला, हे मला ठाऊक होतं. नळी त्यांनी नागपूरच्या जुन्या बाजारातून आणलेली. एकट्या माणसाला एवढ्या लांबचं कशाला पाहायचं असतं? गल्लीत तर हजार तोंडं. एक म्हणे हा मिलवाल्यांचा हेर आहे, कोणाच्या घरी किती बोरे उतरतात ते टिपतो. एक म्हणे करणी करतो, काळ्या फिती उन्हात बांधतो, मग दुसरं काय असणार? मी करणीबिरणी मानत नाही. मी आपलं साधं धरलं, की हा माणूस माझ्या सुनेचे फोटो काढतो. चार वाजता त्याच्या अंगणातून पाहिलं, तर सूर्य बरोबर आमच्या गच्चीच्या कठड्यावर उभा असतो, हे मला सुचलंच नाही. आपल्या घरामागं सूर्य असतो, हे कोणाच्या ध्यानात येतं?

मी कोणाला काही बोलले नाही. वाटीत थोडे सरगुंडे घेतले आणि त्यांच्याकडं गेले.

"काहून वहिनी, उभ्या कायले? बसा ना जी," म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले. खाटेवर कॅमेरा. बाजूला नुकताच काढलेला रोल, अंगठ्याएवढी डबी. मी ती पदराखाली घेतली. पाणी प्यायले, सरगुंडे दिले, घरी आले.

मग आम्ही सासू-सुनेनं गच्चीवर जाऊन तो रोल उघडला. दातानं, नखानं, शेवटी सुरीनं. त्यातून फीत ओढत गेलो, हातांवर हात, लुगड्यासारखी. उन्हात धरून एकेक वीत पाहिली. आमच्या घरच्या लग्नाच्या फोटोंच्या फिती मी पाहिल्या होत्या, त्यात नवरा-नवरी उलट्या रंगात दिसत. म्हटलं हिच्यातही वंदना दिसेल. काही नाही. मळकट राखाडी, इथून तिथून कोरी.

वंदना म्हणाली, "काहीच नाही आई."

झालं, माझा संशय आणखी पक्का झाला. काहीच नाही म्हणजे लपवलं असणार. मी ती सगळी फीत मुठीत धरून परत त्यांच्या अंगणात गेले आणि पुढ्यात टाकली. म्हटलं, काय काढता रोज आमच्या गच्चीचं, आज सांगाच.

ते खाली वाकले. फीत उचलली. मला वाटलं आता हा माणूस ओरडेल, आणि ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण ते खालच्या आवाजात म्हणाले, "छत्तीस होते. दोन महिन्याचे. धुतल्याबिगर त्यात काही दिसत नसते, वहिनी. उजेड लागला की सगळं जाते."

मग वही पुढं केली. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण पुड्यांचे कागद वाचून वाचून अक्षर लागत होतं. पानांवर रकाने आखलेले. नंबर. काय बांधलं. किती पदर. आभाळ कसं. धग आहे की नाही. आणि शेवटी निकाल. गॉगलच्या दोन काचा, नापास. काजळी धरलेली काच, नापास. फरसाणच्या पुडीची चांदी, दोन पदर, नापास. रंगीत फोटोच्या फितीचे तीन पदर, नापास, नापास, नापास. वेल्डरच्या दोन काचा एकावर एक, आणि पुढं लिहिलेलं: "दोन सूर्य आले. एक खोटा."

ते सूर्याचे फोटो काढत होते, बाई. माझ्या सुनेचे नाही.

मला धड उभंही राहवेना, आणि निघावंसंही वाटेना. मीच विचारलं, सूर्याचा फोटो कशाला? तर म्हणाले, येत्या मिरगाच्या सुमाराला शुक्र सूर्यासमोरून जाणार आहे. पेपरात आलं होतं. तिळाएवढा काळा ठिपका सूर्यावरून सरकत जाईल, पाच-सहा तास. आपल्या हयातीत कोणी पाहिलं नाही असं. तो ठिपका त्यांना फितीवर पकडायचा होता. पण उघडी नळी सूर्याकडं धरली तर फीत जळते, म्हणून समोर काय बांधावं, किती पदर बांधावेत, हा सगळा उद्योग.

"दोन काळे एकावर एक ठेवले की लोकायले वाटते भरवसा दुप्पट झाला," ते म्हणाले. "दोन खोटारडे एकमेकाच्या खांद्यावर बसले, म्हणून खरे होते का जी?"

आणि मग त्यांनी डोळ्याचं सांगितलं. तरुणपणी मिलमध्ये हमालीला होते तेव्हा मोठं ग्रहण झालं. सगळे बाहेर. कोणाच्या तरी छातीचे दोन एक्स-रे मिळाले, ते यांनी एकावर एक धरले आणि डाव्या डोळ्यानं पाहत बसले. सूर्य चांगला नारिंगी, मऊ दिसला. कुठं दुखलं नाही, पाणीसुद्धा आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाहिलं तर डाव्या डोळ्याला स्वतःचं तोंडच दिसेना. मधोमध खळगा, भोवती सगळं शाबूत.

"या डोळ्यानं सरळ पाहिलं तर तुमचे कान दिसते, वहिनी. तोंड नाई दिसत. अन् तुमच्या कानाकडं पाहिलं तर थोडं तोंड दिसते. उजवा चांगला आहे, पण मानेले तीच सवय लागली."

मी इतकी वर्षं त्या नजरेला काय काय म्हणाले होते मनात, ते तुला लिहून सांगत नाही.

म्हणून त्यांची परीक्षा डोळ्यानं नव्हतीच. भिंगासमोर काळं धरायचं आणि भिंगातून येणारं ऊन हाताच्या पाठीवर घ्यायचं. उजेड दिसेनासा झाला तरी हात तापत असेल, तर नापास. दिसत नाही ते ऊनसुद्धा आत येतं आणि डोळ्याला ते कळत नाही, हे त्यांनी मला तेव्हा माझ्या हातावर दाखवलं. गॉगलच्या काचांतून अंधार झाला होता, आणि हात मात्र चुलीजवळ धरल्यासारखा. रंजू, तुझ्या फोटोवरून मला तो हात आठवला.

आठवड्यानं शालिकभाऊ दारात. हातात माझी ती फीत, पण आता काळीकुट्ट. वाया गेली म्हणून टाकली नव्हती. स्टुडिओत नेऊन तशीच धुवून घेतली होती. मला म्हणाले, मी कितीदा घरी अशी फीत उजेडात काळी करून पाहिली, कुठं दाट कुठं पातळ यायची, तुम्ही भर उन्हात हातभर हातभर ओढून एकसारखी जाळली. ही जुन्या पद्धतीची काळी-पांढरी फीत, हिच्यात चांदी असते, रंगीत फितीत नसते. दोन पदर धरले तर हाताला धग नाही. त्यांनी वही उघडून दाखवली. नापासांच्या रांगेखाली पहिल्यांदाच लिहिलं होतं, पास. पुढं लगेच कंसात, "परत पाहणे."

फीत अरुंद, नळीचं तोंड रुंद. म्हणून पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडून त्याच्यामागं दोन पदर चिकटवले. कॅमेऱ्यात डोळा घालून नेम धरायचा नाही, हा त्यांचा कायदा. एकच डोळा उरलेला, आणि फीत पास झाली तरी तिच्यावर पूर्ण भरवसा नव्हताच. दुसऱ्याचाही डोळा लावू देत नसत. नळीमागं पाटी धरायची; नळीची सावली पाटीवर लांबोळकी पडली तर सूर्य बाजूला आहे, सावली आखडून गोल झाली की सूर्य नळीत आला. ती पाटी धरायचं काम मी मागून घेतलं. दुसरं मी काय भरून देणार होते?

तो दिवस आला तेव्हा आभाळात ढगांचे पुंजके. दुपारी सूर्य डोक्यावर, नळी सरळ वर, आणि मी खाली वाकून पाटी धरलेली, कंबर मोडेस्तोवर. ढग सरला की मी म्हणायची "गोल," आणि ते खट् करायचे. रोल धुवून आला तर बहुतेकांत नुसता धूर. एकच फोटो लागला. फितीवरचा सूर्य मसुरीच्या डाळीएवढा. कागदावर मोठा केला तेव्हा बत्ताशाएवढा झाला, आणि त्याच्या एका अंगाला खसखशीच्या दाण्यासारखा काळा ठिपका.

सगळी गल्ली पाहायला आली. हेर म्हणणारे आणि करणी म्हणणारे सगळ्यांच्या पुढं. एक बातमीदार आला, पेपरात छापतो म्हणाला. शाळेचे मास्तर आले, फ्रेम करून शाळेत लावू म्हणाले. शालिकभाऊंनी दोघांनाही हात जोडले. म्हणाले, अजून नक्की नाही.

मी तर चिडलेच. कंबर माझी मोडली होती. म्हटलं, आता काय राहिलं नक्की व्हायचं?

"कॅमेऱ्यातल्या फितीच्या लेपाला बारीक भोक पडलं तरी कागदावर असाच काळा ठिपका येते," ते म्हणाले. "हा शुक्र आहे का भोक आहे, एका फोटोवरून कसं सांगू? दोन-तीन पाहिजे होते. ठिपका सरकलेला दिसला असता तर शुक्र. भोक सरकत नसते."

"मग आता?"

"आठ वर्षांनी परत येते. त्याच्यानंतर शंभर वर्षं नाई."

आणि तो माणूस आठ वर्षं थांबला. फोटो वहीत ठेवला, भिंतीवर लावला नाही. काळ्या फितीचा पुठ्ठा डाळीच्या डब्यात. दरवर्षी दिवाळीच्या आधी काढून बल्बसमोर धरायचे, कुठं टाचणीएवढं छिद्र पडलं का पाहायला. पुढं पुढं त्या जातीचे रोल मिळेनासे झाले. शेवटचे दोन त्यांनी नागपूरहून आणले आणि माझ्या फ्रीजमध्ये ठेवायला दिले, गल्लीत तेव्हा फ्रीज आमच्याकडंच. दह्याच्या भांड्यामागं ते रोल पडलेले असायचे. दर पंधरा दिवसांनी येऊन विचारायचे, वहिनी, फ्रीज बंद तर नव्हता ना? लाइन गेली होती का? किती वेळ गेली होती? मी म्हणायची, शालिकभाऊ, तुमच्या रोलला दह्यापेक्षा जास्त जपते मी. ते मान वाकडी करून माझ्या कानाकडं पाहत आणि म्हणत, हो का.

आठ वर्षं पुरी होईस्तोवर त्यांच्या चांगल्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला. डॉक्टर म्हणे लगेच करून घ्या. मुलगी रोज फोन करी. हे म्हणत, एकच आहे, बिघडला तर? शुक्र जाऊ द्या, मग करू. त्या उन्हाळ्यात तर ते भिंतीला हात लावत लावत आमच्याकडं येत.

या खेपेला शुक्र उगवत्या सूर्याबरोबरच सूर्यावर चढलेला होता आणि दहा-सव्वादहाला उतरणार होता. सकाळपासून आम्ही तिघं अंगणात. पाटी मी धरली. कॅमेरा फिरवायला वंदना, जिचे फोटो हा माणूस काढतो म्हणून मी चोरी केली होती, ती. शालिकभाऊ वायरीचा घोडा, म्हणजे कॅमेरा दुरून दाबायचं बटण, हातात घेऊन नुसते स्टुलावर. वंदनानं आपला मोबाइल दाखवला, म्हणाली काका, यात काढू का एक? ते म्हणाले, नको. तो आपल्या मनानं चित्र चांगलं करते. मी "गोल" म्हटलं की खट्. छत्तीसच्या छत्तीस झाले. त्या दिवशी आभाळ बऱ्यापैकी मोकळं होतं.

तुमसरात फीत धुणारा कोणी राहिला नव्हता. स्टुडिओवाल्यानं नागपूरला पाठवली. तीन आठवड्यांनी पाकीट घेऊन शालिकभाऊ आमच्या पडवीत आले. पाकीट फोडलेलं नव्हतं. त्यांच्या डोळ्याला आता मसुरीवरची खसखस दिसायची नाही, आणि ते त्यांनाही माहीत होतं.

"तुम्ही पाहा," मला म्हणाले. "मी काही सांगत नाई कुठं पाहाचं ते."

कागदावर वाटी उपडी ठेवून मला तीन गोल काढायला लावले. फितीवरचे तीन फोटो त्यांनी नंबर सांगून निवडायला लावले, एक पहिल्या घटकेचा, एक मधला, एक शेवटचा. भिंग दिलं. मी फीत खिडकीच्या उजेडाला धरली. पहिल्यात दिसला. दुसऱ्यात दिसला, पण कडेकडं सरकलेला. तिसऱ्यात अगदी काठाशी. मी तीन गोलांत तीन ठिपके दिले आणि म्हटलं, शालिकभाऊ, सरकला तो. शुक्रच आहे.

ते आनंदले नाहीत. कागदावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "वहिनी, राग नका मानू. तुम्ही माया करून सांगून राहिल्या असाल."

मी भिंग खाली ठेवलं.

"त्या रोलपासून तुमाले वाईट वाटते. दोन्ही खेपेले पाटी धरली तुम्ही. मले खुश कराले तुम्ही ठिपका दोन बोटं इकडं मांडला, तर मले काय दिसते आता? अन् खरं सांगतो, त्या दिवसापासून तुम्ही घरात आल्या की मी कॅमेरा पेटीत ठेवत होतो."

हे मला माहीत होतं गं. मी अंगणातून हाक दिली की आत पेटीचं झाकण वाजायचं, आणि मी ते न ऐकल्यासारखं करून सावकाश चपला काढायची. आठ वर्षं. पण कोणी तोंडावर म्हटलं की वेगळं लागतं. मी उठले, आत गेले आणि वंदनाला बाहेर पाठवलं. मी स्वयंपाकघरातच थांबले, दार ओढून. माझा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला होता. वंदनाला कोरा कागद, तीच वाटी, तेच तीन फोटो. ती पडली स्पष्ट बोलणारी. आधीच ऐकवलं तिनं, "काका, दिसला नाही तर नाही म्हणून सांगीन मी."

"तेच पाहिजे," ते म्हणाले.

आत मी गॅस बंद करून उभी होते. भांड्याचा आवाजही करवेना. ठिपका खरा आहे की नाही, हा प्रश्न माझ्यासाठी केव्हाच मागं पडला होता. मी खरी आहे की नाही, ते बाहेर ठरत होतं. आणि तुला सांगते, माझ्याच मनात आलं, मायेनं खरंच सरकवला तर नसेल मी? डोळे काय, तेही माझेच.

वंदनानं हाक दिली तेव्हा बाहेर गेले. शालिकभाऊंनी दोन्ही कागद तिच्याकडं दिले, म्हणाले एकावर एक ठेव आणि खिडकीला लाव. तिनं ठेवले. गोलावर गोल बसले. मग ती एकेक ठिपका बोटानं दाखवत गेली, त्यांना दिसत नव्हतं म्हणून बोलून सांगत. पहिला, ठिपक्यावर ठिपका. दुसरा, ठिपक्यावर ठिपका. तिसरा, केसभर इकडंतिकडं, पण काठाशीच.

मग तिनं त्यांच्या वहीतला जुना फोटो काढून भिंगाखाली धरला. म्हणाली, काका, यातला ठिपकापण अगदी असाच आहे, काठ गोल, सूर्याच्या मानानं मापही तेच.

शालिकभाऊंनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. माझ्या कानाकडं पाहत म्हणाले, "वहिनी, खोटं नाई बोलल्या तुम्ही."

एवढंच. शुक्राबद्दल त्या दिवशी ते एक अक्षर बोलले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात मुलगी येऊन त्यांना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नागपूरला घेऊन गेली. आम्ही दोघी तुमसर रोड स्टेशनवर सोडायला गेलो. फितीचं पाकीट आणि दोन्ही कागद त्यांनी माझ्या हातात दिले. म्हणाले, डोळा आला की स्वतः पाहीन, तोवर तुमच्याकडं. मी म्हटलं, माझ्याकडं? चालेल? तर हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना चार-पाच वेळाच पाहिलं असेल.

गाडी आली. मुलीनं त्यांना आत चढवलं, खिडकीशी बसवलं. मग एकदम त्यांनी गजातून हात बाहेर काढून वंदनाला जवळ बोलावलं.

"सूनबाई, तो तिसरा. काठाले टेकला होता, का मधात फट होती?"

"टेकला होता काका. काठ तेवढा आत दबल्यासारखा दिसत होता."

ते दोनदा मान हलवून मागं टेकले. गाडी हलली तेव्हा त्यांचं तोंड आमच्याकडं नव्हतं. समोर कुठंतरी होतं, ओठ हलत होते, आणि हाताचं एक बोट मांडीवर सरकत होतं, हळूहळू, गुडघ्याच्या काठापर्यंत.

ऑपरेशन झालंच नाही. आधीच्या तपासणीतच छातीचं दुखणं निघालं आणि पंधरा दिवसांत ते गेले. तो सरकलेला ठिपका त्यांनी स्वतःच्या डोळ्यानं पाहिला नाही. दुधात बोट घालून पाहणारा माणूस, शेवटी आम्हा दोघींच्या सांगण्यावर गेला.

पाकीट माझ्याकडं आहे. अधूनमधून मी ती फीत खिडकीला धरते. पण आता माझ्याही डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला लागला, आणि परवा भिंगातून पाहिलं तर मला पहिल्या फोटोतला ठिपका दिसलाच नाही. खूप वेळ फीत फिरवत बसले. मनात नको ते आलं. वंदना म्हणते आई, आहे, तिथंच आहे. पण ती आता माझ्यावर माया करते. मला तिच्या सांगण्याचा भरवसा कसा वाटावा?

तर बाई, तू ये. सुट्टी मिळेल तेव्हा नको, लवकर ये. आमचे कागद मी तुला आधी दाखवणार नाही. वाटी आणि कोरा कागद काढून ठेवते. तू खिडकीत बसून फीत पाहा, आणि जे दिसेल तेवढंच मांड. नाही दिसलं तर तसं सांग.